सोमवारची खूण

पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बाच्या पायांना कायम भेगा असायच्या. मिठागरात राबणाऱ्या माणसाचे पाय तसेच असतात. खारं पाणी भेगेत शिरलं की ती मिटत नाही. संध्याकाळी आय खोबरेलात मेण वितळवून टाचांना चोळायची आणि बा दात आवळून कौलांकडे बघत पडून राहायचा. ओरडायचा नाही. मी समोर बसून पाढे म्हणायचे आणि त्याचा जबडा हलतो का बघायचे.

आमचं गाव सानपाड्याच्या अंगाला, खाडीला चिकटून. नवं शहर आलं तेव्हा भाताची शेतं त्यात गेली. मिठागरं काही वर्षं राहिली, मग मी दहावीला असताना तीही बंद झाली. बाला दुसरं काही येत नव्हतं. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात त्याला रखवालीचं काम मिळालं. आठवडाभर तिकडेच झोपायचा, रविवारी घरी यायचा. आय खाडीच्या चिखलात उतरून कालवं काढायची आणि नव्या बिल्डिंगांच्या दारोदार विकायची. माझ्या कॉलेजची फी त्या टोपलीतून आली.

एकदा मी वर्गातल्या एका मुलीकडे वही आणायला गेले, तर तिच्याच बिल्डिंगच्या जिन्यात आय टोपली घेऊन बसलेली. तिने मला पाहिलं आणि मान खाली घालून कालवं मोजायला लागली. ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. तिच्या शेजारून पायऱ्या चढून वर गेले. घरी आल्यावर आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. हे लिहायला आजही जड जातं, पण झालं ते झालं.

बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. बाला अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने डिग्रीचा कागद फ्रेम करून आणला आणि देवाच्या फळीशेजारी खिळा ठोकून लावला. फ्रेम उलटी लावली होती, मी ती सुलटी केली. एवढंच.

नोकरी लागली ती सरकारी रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात. केंद्राचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना मला उघडं पाडायचं नाही. गाणी, बातम्या सगळं शहरातल्या स्टुडिओत व्हायचं, टेलिफोनच्या तारेवरून आमच्याकडे यायचं आणि आम्ही ते मनोऱ्यावरून हवेत सोडायचो. ओली, खारी जमीन रेडिओच्या लहरींना मानवते, म्हणून केंद्र खारफुटीच्या कडेला, आमच्या गावापासून पाऊण तास चालत. सहा महिने तात्पुरती नेमणूक होती. सहा महिन्यांनी साहेब अहवाल लिहिणार, काम समाधानकारक असेल तर मुदत वाढणार, पुढे कायम. नाहीतर घरी.

नियमाप्रमाणे एका पाळीला दोन माणसं हवीत. आम्ही अख्ख्या केंद्रात तिघं होतो. इंजिनिअर साहेब, सिनिअर टेक्निशिअन दादा आणि मी. साफसफाईला आणि वरच्या कामांना एक खलाशी, म्हणजे मदतनीस, होते, ते माझ्या आधी दोन महिने निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. साहेब जीपने दहाला यायचे. दादा कल्याणहून यायचे, म्हणून दुपार-संध्याकाळ त्यांची. पहाट माझी, कारण मी चालत येऊ शकत होते. रविवारी माझी सुट्टी असायची, म्हणजे कागदावर. खरं म्हणजे त्या दिवशी आठ तासांऐवजी पाच तास जायचे.

पहिल्याच दिवशी दादांनी मला देखभालीची वही दाखवली. रोजची कामं, आठवड्याची, महिन्याची, आणि प्रत्येकापुढे चौकट.

"ह्या चौकटीत खूण करायची, खाली सही. महिना संपला की साहेब सही करतात. झालं."

मी वाचत होते. सोमवारच्या ओळीत लिहिलं होतं, 'मनोऱ्याचे इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुतले.'

"हे कोण धुतं?" मी विचारलं.

"खलाशी धुवायचा."

"आणि आता?"

"आता तू खूण करायची," दादा म्हणाले आणि हसले. "आगं, पाऊस धुतोय की. तुला काय शिडी लावून चढायचंय?"

ऑगस्ट महिना होता. बाहेर खरंच पाऊस धुवत होता. मी खूण केली. पुढच्या सोमवारी केली, त्याच्या पुढच्या सोमवारी केली. पाऊस संपला, दिवाळी गेली, मी खुणा करत राहिले. त्या ओळीकडे मग बघायचेसुद्धा नाही.

डिसेंबरात केंद्र मुकं व्हायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा भूपाळी चालू होती. यंत्रातून फाडकन आवाज आला, लाल दिवा लागला आणि सगळे काटे शून्यावर पडले. त्या खोलीत यंत्राची एक गुणगुण कायम असायची, ती थांबली तेव्हा मला माझ्या मनगटातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी बटण बंद केलं, परत चालू केलं. काटे चढले, अर्धं मिनिट थांबले, फाडकन पडले. परत केलं, परत पडले. फोन वाजला. स्टुडिओतले ड्यूटीवरचे गृहस्थ होते, ते आम्हाला नावाने कधी बोलवायचे नाहीत.

"काय हो ट्रान्समीटर, झोपलात काय?"

"ट्रिप होतंय, सर. चालू करतेय."

"करताय कधी? आता बातम्या लागतील. हवेत काहीच नाहीये!"

"सर, मी एकटीच आहे."

"मग मी काय येऊ तिथे?"

सतरा मिनिटं गेली. मग अचानक यंत्र धरून राहिलं. का पडलं तेही कळलं नाही, का राहिलं तेही नाही. वहीत लिहिलं, 'प्रसारण खंडित, सतरा मिनिटं, कारण अज्ञात.'

साहेब दहाला आले. सकाळचं प्रसारण संपून दुपारचं सुरू व्हायला दोन तास असायचे, त्या वेळात यंत्र उघडलं. सगळं ठणठणीत. दोनदा चालू करून बघितलं, काटे सुतासारखे सरळ.

"काय मॅडम? हे तर चालतंय."

"सकाळी पडत होतं, सर."

"मग आत्ता पाडून दाखवा."

त्या महिन्यात अकरा वेळा पडलं. कधी वीस मिनिटं, एकदा तर पाऊण तास. पडायचं ते माझ्याच पाळीत. दुपारी दादांच्या हाताखाली ते गरीब गाईसारखं चालायचं. मी फ्यूज बदलले, सगळे जोड घट्ट केले, यंत्राची पुस्तकं घरी नेऊन वाचली. एक दिवस उदबत्तीही लावली, फिजिक्सची डिग्री घेऊन. दुसरं माणूस असतं तर एकाने यंत्र धरलं असतं आणि दुसऱ्याने मनोऱ्यापाशी जाऊन बघितलं असतं. मनोरा माझ्यापासून तीनशे पावलांवर होता आणि यंत्र सोडून तीन पावलं जायचीही मला सोय नव्हती. फोन वाजतच असायचा.

आणि हे सगळं गावाला ऐकू जात होतं. दुसऱ्या कुठल्या नोकरीत माणूस चुकला तर चार भिंतींच्या आत चुकतो. माझी चूक त्याच पहाटे घराघरात कळायची. मच्छीमारांसाठी वाऱ्याचा अंदाज सांगायचे त्याच सुमाराला नेमकं केंद्र मुकं व्हायचं. दुपारी घरी परतताना जाळी विणत बसलेले शेजारचे काका हाक मारायचे.

"कं झालं गो बाय, आज पन झोप लागली का तुझे रेडिओला?"

"मशीन बिघडलंय, काका."

"मशीन बिघडलं का मशीनवाली?" मग सगळे हसायचे. "आमचे वल्ह्याला डिग्री नाय, ता कवा बंद पडत नाय!"

घरी आय काही विचारायची नाही. तिच्याकडे जुना पट्ट्याचा रेडिओ होता, बा मिठागरावर न्यायचा तो. पहाटे मी निघाले की ती तो लावून चुलीपुढे बसायची. एका शेजारणीने मला सांगितलं, रेडिओ गप्प झाला की तुझी आय काम टाकून दारात येऊन उभी राहते, परत लागेपर्यंत आत जात नाही.

जानेवारीत साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा अहवालाचा कोरा कागद होता.

"मी तुमच्यावर डूख धरून नाही," ते म्हणाले. "पण मला वर उत्तर द्यायचंय. बिघाड यंत्राचा असता तर दुपारीही दिसला असता. फक्त तुमच्याच पाळीत होतो, तर मी काय लिहू?"

"सर, मी सगळं पुस्तकाप्रमाणे करते."

"पुढच्या महिन्यात हा कागद जाईल. तोवर थांबवा."

थांबवा म्हणजे काय करू, हे मला कोणी सांगत नव्हतं. नोकरी गेली तर बा कळंबोलीला मरेपर्यंत लोखंड राखणार आणि आय चिखलात उतरत राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि देवाजवळच्या फ्रेमचं काय करायचं?

त्या रविवारी बा घरी होता. मी परत आले तेव्हा तो जेवत होता. भातावर मीठ घ्यायला त्याने बरणीत बोटं घातली आणि आयवर खेकसला.

"झाकन नाय लावलं परत. बघ, मीठ रडलंय."

बरणीच्या तळाशी पाणी साचलं होतं. मी म्हटलं, "रात्री तर सुकं होतं."

"रातचं कं बोलतंस? पहाटेला दव पडतो, तवा मीठ पानी ओढतं. ऊन लागलं का परत सुकं. मिठागरात होतीस ना, इसरलीस?"

मी हात धुतले नाहीत, जेवले नाहीत, तशीच बसून राहिले. आमचा मनोरा हाच आमचा एरिअल. वीज त्याच्या अंगातून खेळते, म्हणून तो जमिनीला टेकत नाही. खाली चिनी मातीच्या जाड इन्सुलेटरवर उभा असतो, आणि त्याला ताणून धरणाऱ्या तारांमध्येही तसलेच चिनी मातीचे गोळे ओवलेले असतात. चिनी माती कोरडी असली तर वीज अडते. तिच्यावर मीठ बसलं आणि ते पहाटे रडलं, तर वीज त्यावरून जमिनीत पळणार आणि यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडणार. दहा वाजता ऊन. दहा वाजता साहेब.

सोमवारी सकाळचं प्रसारण संपल्यावर मुख्य स्विच काढला, मनोऱ्याला अर्थिंगचा दांडा लावला आणि खालच्या इन्सुलेटरवरून बोट फिरवलं. बोटाला पांढुरकी भुकटी आली. मी बोट जिभेला लावलं. लहानपणी बा मला मिठागरातल्या कोंडीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्याच्या, कडेला उभं करून पाण्यात बोट बुडवायला लावायचा आणि विचारायचा, "सांग, मीठ धरायला किती दिस?" माझं उत्तर सहसा चुकायचं नाही. इथे दिस मोजायची गरज नव्हती. नुसतं मीठ होतं.

परत आत आले. वही उघडी होती. सोमवार होता. चौकट रिकामी होती.

मी मागची पानं चाळली. ऑगस्टपासून एकही सोमवार सुटला नव्हता. 'इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुतले', खूण, आणि माझी सही. मला सहीचा फार अभिमान होता. शेवटी एक लांब रेघ ओढायचे.

त्या दिवशी मी चौकट रिकामी ठेवली, बादली आणि फडकं घेतलं आणि खालचा इन्सुलेटर गुपचूप धुतला. वाटलं, कोणाला काही सांगायलाच नको. दुसऱ्या पहाटे केंद्र पडलं ते फक्त सहा मिनिटं. पण पडलं. तारांमधले गोळे चाळीस-पन्नास फुटांच्या वर होते. एवढं मीठ घट्ट धरल्यावर तिथे मनोऱ्यावर चढणारी माणसं लागतात, पंप लागतो, अर्धा दिवस प्रसारण बंद ठेवायची परवानगी लागते. ते सगळं साहेबांच्या हातात.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, मला वाटतं तारांच्या इन्सुलेटरवर मीठ बसलंय. धुवायला माणसं मागवू या."

त्यांनी वही ओढली, पानं उलटली आणि माझ्यापुढे फिरवली.

"तो विचार मी पहिल्याच आठवड्यात केला होता. पण आपण तर दर सोमवारी धुतो. ही बघा, तुमचीच सही."

मी सहीकडे बघितलं. "हो सर," म्हणाले आणि बाहेर आले.

दादा डबा उघडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बोलायचं नाही हं काही."

"दादा, कारण सापडलंय."

"सापडलं ना? मग बादलीने धू, हळूहळू होईल कमी. खलाशी गेल्यावर तू यायच्या आधीचे दोन महिने त्या खुणा मी केल्यात. माझं दीड वर्ष राहिलंय पोरी. खोटी नोंद म्हणजे काय, ठाऊक आहे? पेन्शनला हात लागतो."

"आणि माझी नोकरी?"

"तू तरणी आहेस. शिकलेली आहेस. तुला दुसरी मिळंल." त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे केली. "माझ्या डोळ्यात बघून सांग, मला कुठं मिळंल?"

मी ती पोळी खाल्ली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही.

आणखी दोन आठवडे तसेच गेले. मी रोज खालचं धुवत होते आणि वरचं रडत होतं. अहवाल जायला तीन दिवस उरले. त्या पहाटे दाट धुकं होतं. केंद्र भूपाळीला पडलं, अंदाजाला पडलं, बातम्यांना पडलं. मी बटण दाबायचे, ते पडायचं. फोन उचलणं मी सोडून दिलं. एका क्षणी खुर्चीत बसून नुसती त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. पन्नास मिनिटं हवेत काही नव्हतं. मला रडूही येत नव्हतं.

दहाला सकाळचं प्रसारण संपवून फाटक उघडायला गेले, तर बाहेर आय उभी. डोक्यावर टोपली, खांद्याला पट्ट्याचा रेडिओ, पोटऱ्यांपर्यंत चिखल. खाडीतून सरळ आली होती.

"पन्नास मिन्टं गप्प होता," ती म्हणाली. "मना वाटलं तुला कं झालं. शॉक-बिक."

"कधीपासून उभी आहेस?"

"मगासपासना. फाटकाला हात लावाचा का नाय, कलंना."

तेवढ्यात साहेबांची जीप आली. ते उतरले, चेहरा तापलेला. सकाळपासून त्यांच्याही घरी फोन गेले असणार. आयकडे बोट करून म्हणाले, "ही कोण? इथे विकायला सोडू नका कोणाला."

आयने मान खाली घातली आणि टोपली सावरली. मला तो जिना आठवला.

"माझी आई आहे," मी म्हटलं. "आणि सर, ते तारांचे इन्सुलेटर धुतलेले नाहीत. ऑगस्टपासून एकदाही नाही. मी खोट्या खुणा केल्या."

साहेबांनी जीपचं दार आपटलं. मग आत गेले. मी मागोमाग गेले. ते वही उघडून उभे होते. मला वाटलं माझी सही बघतायत. मग त्यांच्या बोटाकडे लक्ष गेलं. प्रत्येक महिन्याखाली, माझ्या लांब रेघेच्या खाली, त्यांची सही होती.

"एकट्या तुम्हीच?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सह्या माझ्या आहेत, सर. बाकीचं मी बोलणार नाही."

"बाकीचं मला वाचता येतं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांनी मला शिव्या दिल्या, भरपूर दिल्या. मग घाम पुसला आणि फोन ओढला.

दोन दिवसांनी मनोऱ्यावर चढणारी माणसं आली, गोड्या पाण्याचा टँकर आला. मी साहेबांना विचारून बाला बोलावलं. पहिली फेरी झाल्यावर मुकादम म्हणाला, "झालं, चला." बाने तारेवरून ठिबकणारं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि मान हलवली.

"खारट हाय. आनखी मारा."

"काकांना कसं कळलं?" मुकादमाने मला विचारलं.

"त्यांना कळतं," मी म्हटलं.

पाच फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा बाने पाणी चाखलं, खाली थुंकलं नाही, गिळलं. "आता पानी हाय," तो म्हणाला.

साहेबांनी तिघांच्याही चुका वर कळवल्या, स्वतःची धरून. मला लेखी ताकीद मिळाली, आणि मुदतवाढ मिळाली तीही फक्त सहा महिन्यांची, परत तपासायला. दादांनाही ताकीद मिळाली. पेन्शनला धक्का लागला नाही, पण ते निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. डबा माझ्यापुढे पुन्हा कधी उघडला नाही. त्याचं मला वाईट वाटतं. तरी तेव्हा केलं तेच आजही करेन.

सोमवारचं धुणं त्यानंतर मी स्वतः करत असे, खालचं हाताने आणि वरचं साहेबांनी मागवून घेतलेल्या पंपाने जमिनीवरूनच, आणि मगच खूण. ऑगस्टमध्ये मी कायम झाले. पुढच्या हिवाळ्यात केंद्र एकाही पहाटे मुकं झालं नाही, आणि आयने खाडीत उतरणं बंद केलं.